कराटे सुरू करताय? आधी काय घ्यायचं, नंतर काय, आणि काय अजिबात नको

विचारलंय असं की आठ वर्षांच्या मुलाला कराटेला घालायचंय, आणि त्याला सोडायला जायचंच आहे तर आईलाही त्याच क्लासच्या मोठ्यांच्या बॅचला बसायचंय (वय छत्तीस, याआधी कुठलाच खेळ नियमित नाही). क्लासने हातात यादी दिलीये. ड्रेस, बेल्ट, ग्लोव्ह्ज, शिन गार्ड, चेस्ट गार्ड, हेड गार्ड, माउथ गार्ड, किक पॅड, नानचाकू. दोघांचं सगळं एकदम घ्यायचं का, आणि ब्रँडेड घ्यायचं का साधं चालेल?

ताई, आधी सरळ उत्तर देतो आणि मग खोलात जाऊ. पहिल्या महिन्यात काहीही घेऊ नका. दुसऱ्या महिन्यात दोघांचा एकेक साधा ड्रेस घ्या, पांढरा बेल्ट बहुतेक त्याच्यासोबतच येतो. समोर माणूस उभा करून पंच-किकचा सराव, म्हणजे स्पॅरिंग, सुरू होणार असं सर सांगतील तेव्हा माउथ गार्ड, मुलासाठी ग्रोइन गार्ड (जांघेचं संरक्षण), ग्लोव्ह्ज आणि शिन गार्ड, आणि तुमच्यासाठी बायकांचा चेस्ट गार्ड. बाकी सगळं स्पर्धेला उतरायचं ठरलं तर. आणि काही गोष्टी कधीच नाही, त्या शेवटी सांगतो. मी शोतोकान (कराटेची एक स्टाइल) शिकवतो, बरीच वर्षं लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्या बॅचेस घेतोय, आणि माझा अनुभव असा आहे की सामान कमी पडलं म्हणून कुणी कराटे सोडत नाही, पण पहिल्याच आठवड्यात सहा-सात हजारांचं किट घेतलेल्या घरात तिसऱ्या महिन्यात "एवढे पैसे घातलेत, जायलाच पाहिजे" अशी जबरदस्ती सुरू होते आणि मग पोरगं क्लासचं नाव काढलं की रडतं.

पहिला महिना टीशर्ट आणि ट्रॅक पँट. टीशर्ट फार ढगळ नको, ट्रॅक पँटला चेन असलेले खिसे नकोत (खाली बसताना, पडताना टोचतात, आणि मॅट फाडतात), पँटची लांबी घोट्यापर्यंतच, पायाखाली येणारी नको. पाय अनवाणीच. बूट, मोजे काही लागत नाही, उलट मोजे घालून टाइल्सवर किक मारली की माणूस आपटतोच. पण घरून निघताना चप्पल घालून जा, अनवाणी पायाने टॉयलेटला जाऊन परत मॅटवर येणारी पोरं मी रोज बघतो आणि रोज परत पाठवतो पाय धुवायला. नखं कापलेली, हाताची आणि पायाची दोन्ही. हे मी सामानातच धरतो. नेलकटर हे कराटेतलं सगळ्यात स्वस्त सेफ्टी गियर आहे, कारण ग्लोव्ह्ज नसताना मुलांना जी इजा होते त्यातली बरीचशी पंचने होत नाही, समोरच्याच्या नखाने गालावर, मानेवर ओरखडा निघतो तशीच होते.

दागिने सगळे काढून. तुमच्यासाठी सांगतोय ताई, मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, अंगठी, जोडवी. जोडवी विशेषकरून, कारण अनवाणी पायावर गोल फिरताना बोटात रुततात आणि बोट सुजलं की निघत नाहीत. मुलाच्या हातात कडं किंवा मनगटाला दोरा असेल तर कडं काढा, दोऱ्यावर मनगटाचा कापडी बँड ओढून घ्या. केस लांब असतील तर कापडी रबर, धातूची क्लिप किंवा पिन नको.

आता ड्रेस. याला बरेचजण गी म्हणतात, दुकानात "कराटे ड्रेस" म्हटलं की कळतं. थोडं मागचं सांगतो कारण त्याने घेताना फायदा होतो. जपानच्या ओकिनावा बेटावर, जिथून कराटे आलं, जुन्या काळी असा वेगळा ड्रेस नव्हताच, लोक रोजच्या कपड्यात नाहीतर नुसत्या लंगोटावर सराव करायचे. १९२२ मध्ये शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला गेले, जुडोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी त्यांना कोदोकान या आपल्या जुडोच्या संस्थेत बोलावलं, आणि तिथून पुढे जुडोच्या ड्रेसवरूनच कराटेचा ड्रेस आला, फक्त हलक्या कापडाचा. बेल्टची पद्धतही जुडोचीच, फुनाकोशींनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते १९२४ मध्ये. हे कशाला सांगतोय, तर आजही दुकानात जुडोचा ड्रेस कराटेचा म्हणून दिला जातो. जुडोत समोरचा कॉलर पकडून ओढतो म्हणून ते कापड जाड, दाणेदार विणीचं असतं, आणि आपल्या हवेत त्यात मुलगा दहा मिनिटांत घामाने निथळतो. दुसरी गडबड तायक्वांदोच्या ड्रेसची. तायक्वांदोचं जॅकेट बऱ्याचदा डोक्यातून घालायचं, व्ही गळ्याचं असतं. कराटेचं पुढून पूर्ण उघडं असतं आणि दोन्ही बाजूंना नाड्या असतात. उघडं नसेल तर घेऊ नका, सर परत करायला लावतील.

कापडाचं वजन औंसमध्ये लिहिलेलं असतं. नवशिक्यांचे ड्रेस ६ ते ८ औंसचे, पॉलिस्टर-कॉटन मिक्स. १० औंस मध्यम. १२-१४ औंस म्हणजे जाड कॅनव्हास, काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम) करणाऱ्यांचा, त्यात पंच मारला की बाहीचा फटाक असा आवाज येतो, तो आवाज ऐकून पोरं आईवडिलांच्या मागे लागतात की मला तोच पाहिजे. आत्ता नको. तो आवाज बराचसा कापडाचा असतो, आणि मुलाला वाटायला लागतं की पंच जोरात बसला. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इकडच्या दमट हवेत ८ औंसच्या वर जाऊच नका पहिल्या दोन वर्षांत. अगदी शंभर टक्के पॉलिस्टरचाही घेऊ नका, घाम शोषत नाही, अंगाला चिकटतो. मिक्स बरा, लवकर वाळतो आणि फार आटत नाही.

माप. इथे सगळ्यात जास्त चुकतं म्हणून सविस्तर सांगतो. साइज उंचीवर असते, वयावर नाही. जपानी पद्धतीचे नंबर असतात, ००० म्हणजे ११० सेंटिमीटर, ०० म्हणजे १२०, ० म्हणजे १३०, १ म्हणजे १४०, २ म्हणजे १५०, ३ म्हणजे १६०, ४ म्हणजे १७०, असं दहा-दहाने वाढत जातं. काही कंपन्या सरळ सेंटिमीटर लिहितात. आपल्याकडे काही दुकानांत शर्टासारखं २८, ३०, ३२ असंही असतं, तेव्हा नंबरवर न जाता मुलाला घालूनच बघा. समजा मुलगा १२५ सेंटिमीटर असेल तर १३० घ्या. या वयात मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तो वर्षभर तरी जाईल. "दोन वर्षं तरी पुरू दे" म्हणून १४० किंवा १५० घेणारे पालक असतात, मग पँट पायाखाली येते, बाही बोटांवर येते, आणि पोरगं सगळा तास बाह्या वर करण्यात घालवतं. एकच साइज मोठी घ्या. वाढीव कापड गुंडाळून ठेवायचं नाही, आत दुमडून हाताने टाके घालायचे, उंची वाढली की उसवून खाली सोडायचं. गुंडाळलेली पँट किक मारताना सुटते आणि पायात अडकते. स्पर्धेत तर बाह्या किंवा पँट गुंडाळायला नियमानेच परवानगी नाही.

कॉटन जास्त असेल तर आटतं, म्हणून घेतल्या घेतल्या टाके घालू नका. आधी दोनदा साध्या गार पाण्यात धुवा, वाळवा, मग घालून बघा आणि मग माप धरा.

दुकानात घालून काय बघायचं? मी पालकांना सांगतो की मुलाला आरशासमोर नुसतं उभं करू नका, चार हालचाली करायला लावा. दोन्ही हात सरळ डोक्यावर, जॅकेट बेंबीच्या वर गेलं तर आखूड. मग पाय भरपूर फाकवून घोड्यावर बसल्यासारखं खाली, मांडीच्या आत कापड ताणलं गेलं तर नको. मग गुडघा छातीपर्यंत वर. मग उकिडवं. पँटच्या मध्यावर, दोन पाय जुळतात तिथे, एक वेगळा चौकोनी तुकडा शिवलेला असतो तो आहे का ते उलटं करून बघा. स्वस्त ड्रेसमध्ये तो नसतो आणि पहिल्याच साइड किकला शिवण टर्रकन उसवते. काखेत आणि गुडघ्यावर डबल शिलाई आहे का बघा. जॅकेटच्या दोन्ही बाजूंना खाली चिरा असल्या पाहिजेत. नाड्या नुसत्या चिकटवल्यासारख्या असतील तर घरी आणून आधी त्या पक्क्या करा, नाडी तुटणं हा कराटे ड्रेसचा कायमचा रोग आहे. लहान मुलाला कंबरेला इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही असलेली पँट घ्या, नुसत्या नाडीची गाठ त्याला सुटत नाही आणि ऐन वेळी टॉयलेटला धावपळ होते.

घालताना डावी बाजू वर. बाई असो पुरुष असो, सगळ्यांना हेच. तुम्हाला कुर्त्याच्या, ब्लाउजच्या सवयीने उजवी वर घ्यावीशी वाटेल, पण जपानमध्ये उजवी बाजू वर घेऊन मृत माणसाला कपडे घालतात, म्हणून डोजोत (सरावाच्या जागी) ते चालत नाही. एकदा लक्षात ठेवलं की झालं. आतून तुम्ही पांढरा साधा टीशर्ट घाला, स्पर्धेतही बायकांना तो चालतो, आणि चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा. खरं सांगायचं तर तुमच्या बाबतीत ड्रेसपेक्षा स्पोर्ट्स ब्रावर जास्त पैसे घाला, उड्या आणि पुढेमागे झपाझप सरकणं भरपूर असतं, आणि हे कुठलेच सर समोर येऊन सांगत नाहीत म्हणून बायका महिनोन्महिने अवघडून सराव करतात.

किंमत म्हणाल तर साधा ड्रेस साधारण पाचशे ते हजारात मिळतो. मेरठ आणि जालंधरकडे खेळाचं सामान मोठ्या प्रमाणावर बनतं, आपल्याकडच्या दुकानांत आणि क्लासमध्ये येणारा बराचसा माल तिकडचाच. क्लासवालेच ड्रेस देत असतील तर लगेच संशय घेऊ नका, ते एकगठ्ठा मागवतात आणि बॅजसकट देतात, कधी बाहेरपेक्षा स्वस्तही पडतं. फक्त विचारा, बाहेरून घेतला तर चालेल का, आणि बॅज वेगळा मिळेल का. "आमच्याकडूनच घ्यावा लागेल" असं उत्तर आलं आणि किंमत दुप्पट असेल तर मग मला ते पटत नाही. शुरेइदो, टोकाइदो, आरावाझा ही नावं कानावर पडतील, उत्तम असतात, पण ती ब्राउन बेल्टच्या पुढे जाऊन स्टेट-नॅशनल खेळणाऱ्यांसाठी. पांढऱ्या बेल्टला त्याचा काडीचा उपयोग नाही.

बेल्टचं फार काही नाही. कंबरेला दोन वेढे आणि गाठ मारून दोन्ही टोकं सारखी, साधारण वीतभर-दीड वीत खाली लोंबली पाहिजेत, गुडघ्याला लागतील इतकी लांब नकोत. रंगीत बेल्ट परीक्षेनंतर क्लासकडूनच मिळतो, आधी घेऊन ठेवू नका. आणि नवा रंगीत बेल्ट कधीही पांढऱ्या ड्रेसबरोबर धुवायला टाकू नका, ऑरेंज आणि हिरवा हमखास रंग सोडतात. बेल्ट धुवायचाच नाही असं काही ठिकाणी मानतात, मला ते मान्य नाही, घामाचा वास येणारा बेल्ट वेगळ्या बादलीत गार पाण्यात धुवून सावलीत वाळवावा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो कारण जुलैत निम्म्या बॅचच्या ड्रेसला कुबट वास असतो. आठवड्यातून तीन दिवस क्लास असेल तर पावसाळ्यापुरता दुसरा ड्रेस लागतोच, किंवा सरांना विचारून एक दिवस टीशर्टवर या. घरी आल्या आल्या ड्रेस बॅगेतून काढा, लगेच धुवायचा नसेल तर निदान पंख्याखाली पसरा. ओला ड्रेस बॅगेत रात्रभर राहिला की काळे ठिपके पडतात, ते मग निघत नाहीत. काखेतला पिवळेपणा घालवायला ब्लीच ओतू नका, ब्लीचने कापड विरतं आणि पॉलिस्टर आणखीच पिवळं पडतं. धुण्याआधी अर्धा तास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवा, मग नेहमीची पावडर, आणि ऊन असेल तेव्हा कडक उन्हात. नीळ घालायची तर अगदी थेंबभर, निळसर झालेले ड्रेस घालून आलेली पोरं बघितलीत.

आता जे खरं महत्त्वाचं आहे तिकडे येतो, माउथ गार्ड. यादीतल्या कुठल्या एका वस्तूवर तडजोड करायची नाही असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, ड्रेस जुना चालेल, ग्लोव्ह्ज साधे चालतील, पण समोर माणूस उभा राहणार असेल तर तोंडात माउथ गार्ड पाहिजेच. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणजे त्याचे पुढचे दात नुकतेच पडून नवे आलेत किंवा येतायत. हे कायमचे. हे तुटले तर परत येणार नाहीत. आणि नवशिक्यांच्या सरावात दात तुटतो तो जोरदार पंचने कमी, चुकून कपाळ किंवा कोपर लागून, किंवा दोघं एकाच वेळी पुढे येऊन जास्त. म्हणजे "आमच्याकडे लाइट कॉन्टॅक्ट असतो", म्हणजे हलकंच मारतात, हे उत्तर इथे पुरत नाही.

बाजारात मिळतो तो गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा. पाकिटावर वेळ लिहिलेली असते ती पाळा, साधारण अर्ध्या मिनिटाच्या आसपास असते, जास्त ठेवला तर आकारच जातो. पाणी उकळवा, गॅस बंद करा, चमच्यावर धरून आत सोडा, काढल्यावर क्षणभर गार पाण्यात बुडवून घ्या नाहीतर हिरडी भाजेल, मग वरच्या दातांवर आरशात बघून मध्यभागी बसवा, चावून धरा, जिभेने आतून वर दाबा, ओठांवरून बोटांनी बाहेरून दाबा, आणि आत हवा ओढून घ्या. मग परत गार पाण्यात. नीट बसला असेल तर तोंड उघडल्यावर खाली पडत नाही आणि तो घालून नाव-गाव बोलता येतं. मागच्या दाढांपर्यंत जाऊन उलटीसारखं होत असेल तर टोक कात्रीने थोडं कापा. मुलं तो बबलगमसारखा चावत बसतात, चावून पातळ झालेला बदलायचा. त्याचे दात अजून पडतायत तर दर चार-सहा महिन्यांनी बसतोय का बघा. ब्रेसेस असतील तर दुकानातला अजिबात नाही, दातांच्या डॉक्टरांना विचारूनच. धुताना गार पाणी आणि टूथब्रश, डबी भोकांची असलेली.

एक माहिती आत्ताच डोक्यात ठेवा, कायमचा दात मुळासकट निघून पडला तर मुळाला हात लावायचा नाही, पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, घासून पुसायचा नाही, थंड दुधात टाकायचा आणि सरळ डेंटिस्टकडे, अर्ध्या-एक तासाच्या आत. अशा वेळी दात परत बसू शकतो. आमच्या क्लासमध्ये हे आम्ही सगळ्या पालकांना पहिल्याच मीटिंगला सांगतो.

मुलासाठी ग्रोइन गार्ड. दुकानात एल गार्ड किंवा सेंटर गार्ड म्हटलं की क्रिकेटचा काढून देतील, तो नुसती वाटी असते आणि चड्डीच्या खिशात बसवायचा असतो, किक मारताना सरकतो. कराटेचा इलॅस्टिकच्या पट्ट्यांसकट येतो, पँटच्या आतून घालायचा. स्पर्धेच्या नियमात तो सगळीकडे सक्तीचा नाही, पण लहान मुलांचा किकवर कंट्रोल नसतो, तेव्हा माझ्या बॅचमध्ये मी सक्तीचाच ठेवलाय.

ग्लोव्ह्ज घेताना एक गोष्ट समजून घ्या. आपल्याला वाटतं हे आपल्या हाताच्या संरक्षणासाठी. तेवढंच नाही, ते समोरच्याच्या तोंडासाठी आहेत. म्हणून दुसऱ्याच्या मुलाचा विचार करून घ्या. दाबून बघायचं, अंगठ्याने पूर्ण दाबला तर आतली बोटाची हाडं लागली नाही पाहिजेत. फोम कडक झालेला, चिरलेला, टाके बाहेर आलेला ग्लोव्ह फेकून द्यायचा, टेप लावून वापरायचा नाही. कराटेचा ग्लोव्ह तळहाताकडे मोकळा असतो, मूठ पूर्ण बंद झाली पाहिजे. बंद झाली नाही तर मुलगा अर्धवट मुठीने मारतो आणि मनगट मुरगळतं. बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज नको, जड होतात. एमएमएचे तर मुळीच नको, ते पातळ आणि कडक असतात, मुलांच्या सरावासाठी नाहीतच. शिन गार्ड नडगी आणि पायाचा वरचा भाग दोन्ही झाकणारे घ्या, पायाचा भाग सुटा होणारा असेल तर उत्तम. वेलक्रोची टोकं मागच्या बाजूला आली पाहिजेत, बाहेर आली तर समोरच्याला ओरखडतात. मोठ्या साइजचे घेऊ नका, गोल फिरून पाय पडतो तेव्हा कळतं.

लाल का निळा? स्पर्धेत एक खेळाडू लाल असतो आणि एक निळा, आका आणि आओ, आणि कुठल्या बाजूला नाव येईल ते आधी माहीत नसतं म्हणून तिथे दोन्ही रंगांचे सेट आणि दोन्ही रंगांचे बेल्ट लागतात. क्लासच्या सरावाला कुठलाही एक रंग पुरे. "वर्ल्ड कराटे फेडरेशन अप्रूव्ह्ड" असा शिक्का असलेले महाग असतात, मोठ्या स्पर्धांना तेच लागतात, पण तुमच्या मुलाला त्या स्पर्धेला जायला वेळ आहे आणि तोपर्यंत त्याच्या हाताची साइज दोनदा बदलेल. चेस्ट गार्डचंही तेच. एक सांभाळा, दुकानदार तायक्वांदोचा जाड, लाल-निळा, पाठीमागे बांधायचा गार्ड देईल, कराटेचा पातळ असतो आणि जॅकेटच्या आतून घालायचा असतो. तुम्ही स्पॅरिंग करणार असाल तर बायकांचा वेगळा चेस्ट गार्ड मिळतो, तो मात्र घ्या.

हेड गार्डबद्दल सरांना विचारा की कशासाठी हवाय. काही क्लासमध्ये लहान मुलांना चेहऱ्यावर पारदर्शक मास्क असलेला घालतात, तो मला पटतो. नुसता कपाळ आणि कान झाकणारा असेल तर त्याने नाक-दात वाचत नाहीत, आणि डोक्याला हादरा बसायचा तो बसतोच, पण मुलांना वाटतं आता काही होणार नाही आणि ती जोरात मारायला लागतात.

तुमचा क्लास कुठल्या स्टाइलचा आहे ते नक्की विचारा, कारण वर सांगितलेलं सगळं शोतोकान, शितो-र्‍यू, गोजू-र्‍यू, वाडो-र्‍यू अशा क्लासेसना लागू पडतं. क्योकुशिन असेल तर गणित बदलतं, त्यात अंगावर पूर्ण जोराने मारतात, हाताने चेहऱ्यावर मारत नाहीत, मोठे लोक उघड्या मुठींनी खेळतात, लहानांना आणि नवीन लोकांना शिन गार्ड वगैरे देतात. त्यांचा ड्रेसही छातीवर ठरावीक अक्षरांचा असतो. तिथे सरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका.

चष्मा असेल तर काता आणि बेसिकला पट्टी लावून चालेल, स्पॅरिंगला काढायचा. तुम्ही सॉफ्ट लेन्स वापरत असाल तर त्या घालून करणारे बरेच आहेत, तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

आता ज्या गोष्टी तुम्ही घेणार नाही पण बघायला हव्यात त्यातली पहिली, जमीन. आपल्याकडे क्लास शाळेच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, देवळाच्या सभामंडपात, कुठेही चालतात आणि मी स्वतः गच्चीवरच शिकलो, त्यात कमीपणा काही नाही. पण खडबडीत कोब्यावर अनवाणी गोल फिरून किक मारली की तळव्याची साल निघते, आणि कोटा फरशीवर रोज उड्या मारल्या की तुमच्या वयात गुडघे बोलायला लागतात. एकमेकांत अडकणारे फोमचे मॅट असले तर छान. त्यांच्या जोडांमध्ये फटी पडल्यात का बघा, पायाचं बोट तिथेच अडकतं. मॅट नसतील तर निदान फेकाफेकी, पडण्याचा सराव तिथे होत नाही ना एवढं विचारा. किक पॅड, फोकस पॅड (समोरच्याने धरायच्या, ज्यावर किक-पंच मारायच्या त्या गाद्या) हे क्लासने ठेवायचं सामान आहे, प्रत्येक पालकाने घ्यायचं नाही. तुमच्या यादीत आहे ते नम्रपणे विचारा की सर, हे क्लासमध्ये नाहीयेत का.

आणि नको त्या गोष्टी. नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन काठ्या) नको. तो कोबुदोचा भाग आहे, शस्त्रांचा वेगळा अभ्यास, आणि ज्याला अजून मूठ नीट बांधता येत नाही त्याने तो फिरवला की आधी स्वतःच्या कोपराला आणि मग टीव्हीला लागतो. पायाला बांधायची वजनं नको, ती बांधून किक मारली की पाय सुटतो तेव्हा सगळा झटका गुडघ्यावर येतो. माकीवारा, म्हणजे मुठी कडक करायला मारायची फळी, लहान मुलाला अजिबात नको, त्याच्या बोटांची हाडं अजून वाढतायत. भिंतीवर, झाडावर मुठी मारायला सांगणारे सर भेटले तर क्लास बदला, हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय. घरी पंचिंग बॅगही आत्ता नको, चुकीच्या मुठीने हजार वेळा मारून ती चूक पक्की होते. घरासाठी काही घ्यायचंच असेल तर दोघांना दोन स्किपिंगच्या दोऱ्या घ्या, उंचीप्रमाणे कापता येणाऱ्या. त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून आहे.

जुनं सामान घ्यायला हरकत नाही. क्लासमधल्या मोठ्या मुलांचे आखूड झालेले ड्रेस, शिन गार्ड धुवून-पुसून बिनधास्त घ्या, उलट मऊ झालेला जुना ड्रेस नव्यापेक्षा बरा वाटतो. ग्लोव्ह्ज जुने घेताना वर सांगितलं तसं दाबून बघा. माउथ गार्ड आणि ग्रोइन गार्ड मात्र कुणाचे वापरलेले नाही.

बॅगेत रोज काय असावं, तर पाण्याची बाटली, छोटा नॅपकिन, चिकटपट्टीचा रोल (पायाच्या बोटाची साल निघाली की लागतो), दोन-चार बँडएड, बदलायला टीशर्ट, ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी. लहान मुलाच्या ड्रेसवर, बेल्टवर, ग्लोव्ह्जवर, सगळ्यावर आतून मार्करने नाव लिहा, वीस पांढरे ड्रेस एकत्र पडले की कुणाचं काय ते कुणालाच कळत नाही.

तुमची यादी हातात घेऊन आत्ता पेन्सिलने करायचं काम एवढंच, नानचाकू आणि किक पॅडवर काट मारा, मुलाच्या चेस्ट गार्ड आणि हेड गार्डपुढे "स्पर्धा ठरली तर" लिहा, यादीत नसलेला ग्रोइन गार्ड लिहून घ्या, आणि माउथ गार्ड, ग्रोइन गार्ड, ग्लोव्ह्ज, शिन गार्ड आणि तुमच्या चेस्ट गार्डपुढे "स्पॅरिंग कधी?" असं लिहून ती यादी सरांना दाखवा आणि तारीख विचारा. बहुतेक सर तीन-चार महिने सांगतील. तोपर्यंत पहिला महिना टीशर्ट, ट्रॅक पँट आणि नेलकटर, मग साधा ड्रेस.